पाच प्रश्नांचं कार्ड

माझ्या नणंदेला घरात सगळे फ्यूज म्हणतात. का, ते तिच्याशी दोन मिनिटं वाकडं बोललं की कळतं. बुटकी, जाड काचांचा चष्मा, अंबाड्यात कंगव्याऐवजी टेस्टर खोचलेला. आमच्या घराच्या खालीच तिचा गाळा आहे. तिथे ती कॉम्प्युटरचे मॉनिटर आणि प्रोजेक्टर दुरुस्त करते. बाकी काही करत नाही. कोणी मिक्सर घेऊन आला तर त्याला अशी काही बघते की तो बिचारा मिक्सर पोटाशी धरून मागच्या पावली जातो.

तिचं काम मी वरच्या खिडकीतून अठरा वर्षं ऐकते आहे, त्यामुळे मलाही आता बरंच कळतं. एकदा एक मास्तर प्रोजेक्टर छातीशी कवटाळून घामाघूम होऊन आले. दिवा उडाला, उद्या तपासणी आहे, माझी नोकरी जाईल, असं त्यांचं चाललेलं. फ्यूजने प्रोजेक्टर टेबलावर ठेवला आणि भिंगावरचं झाकण काढलं. भिंतीवर लख्ख उजेड पडला. एका डॉक्टरीणबाईंच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात जांभळा डाग येत होता. त्यांनी शेजारी गाण्याचा मोठा स्पीकर ठेवला होता आणि त्यातलं लोहचुंबक रंग ओढत होतं. स्पीकर हलवला, डाग गेला. कोणाचं चित्र पिवळं दिसतं, कारण तारेच्या टोकाची एक पिन वाकलेली असते आणि निळा रंग पोचतच नाही. कोणाचा प्रोजेक्टर दहा मिनिटांत बंद पडतो. फ्यूज त्याची जाळी काढून वर्तमानपत्रावर आपटते, पडलेला धुळीचा गोळा गिऱ्हाइकासमोर सरकवते आणि म्हणते, "हे तुमचं. घरी न्या."

गिऱ्हाईक खोटं बोलतं, असं तिचं ठाम मत आहे. चहा सांडला की म्हणतात आपोआप बंद पडला. पोराने ढकलून पाडला की म्हणतात सकाळपासून असाच आहे. म्हणून तिने एक कार्ड छापून घेतलं. वर तक्रार लिहायची, खाली पाच प्रश्न. दिवा लागतो का, कोणत्या रंगाचा? तार काढून परत घालून पाहिली का? बिघाडाच्या आधी काय हलवलं, काय बदललं? हा पडदा कोण वापरतं, किती वर्षं? त्यावर दिवसभर काय चालतं? उत्तरं गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायची आणि खाली सही ठोकायची. त्याशिवाय ती स्क्रूला हात लावत नाही. लोक कुरकुरतात, पण लिहितात. आणि स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की माणूस जरा फुशारकी मारतोच.

आता माझ्या सासऱ्यांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय फ्यूजचं काहीच सांगता येणार नाही.

ते एका औषधांच्या गोदामात गेटमन होते. एकतीस वर्षं पुढच्या गेटवर, सकाळी सात ते दुपारी दोन. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी. गोदामात एक कंट्रोल रूम होती आणि तिथे एक सुरक्षा अधिकारी बसायचा. चार कॅमेऱ्यांची चित्रं त्याच्या एका पडद्यावर दिसायची. त्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग होत नसे, नुसतं बघत बसायचं. आपली नजर घारीची आहे, असं तो ज्याला त्याला सांगायचा, म्हणून सगळे त्याला घारसाहेब म्हणायचे. त्याला ते नाव आवडायचं यातच काय ते आलं.

एक दिवस दुपारी बाराच्या सुमाराला एक अनोळखी व्हॅन पुढच्या गेटवरून न थांबता बाजूच्या गेटकडे वळली. बाबांना ते खटकलं. आपली जागा सोडायची नाही हा नियम, म्हणून त्यांनी केबिनमधून कंट्रोल रूमला फोन लावला. कोणी उचलला नाही. परत लावला. कोणी उचलला नाही. मग ते स्वतः धावत गेले. तोवर व्हॅन महागड्या इंजेक्शनांची खोकी भरून पसार झाली होती.

चौकशीत घारसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी पडद्यावरून नजर हलवली नाही. फोन वाजलाच नाही. मी कॅमेऱ्यात बघितलं ते एवढंच की गेटमन जागा सोडून कुठेतरी चालला होता." बाबा म्हणाले, मी दोनदा फोन लावला. फोनची कुठे नोंद होत नव्हती. साहेबाचा शब्द आणि गेटमनचा शब्द, यात कुठला उचलला जातो ते काय सांगायला हवं? निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पाळी सुटायच्या वेळी, सगळी माणसं गेटवर असताना, घारसाहेबाने स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

मी आणि फ्यूज त्यांना आणायला गेलो होतो. रस्ताभर त्यांचा हात पुन्हा पुन्हा गळ्याशी, शिट्टीच्या जागी जात होता. फ्यूज दातओठ खात चालली होती. घराच्या पायरीवर तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "वहिनी, या माणसाला मी सोडणार नाही." अशा वेळी सगळे म्हणतात तेच मी म्हटलं. जाऊ दे, वर बघणारा आहे. तिने माझ्याकडे मिक्सर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

त्यानंतर सहा वर्षं बाबा रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीतल्या खुर्चीत बसत आणि दोन वाजता उठून शर्ट बदलत. घरातला फोन वाजला की उठून आतल्या खोलीत जात. माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांना फिरायला चला म्हणायचा. ते म्हणायचे, "पाळी संपू दे."

आणि फ्यूज काय करत होती? वाट बघत होती. मला आधी कळलंच नाही. तिने गोदामाच्या खरेदी विभागातल्या कारकुनाशी ओळख वाढवली, त्याचा घरचा मॉनिटर फुकटात नीट करून दिला, आणि चौथ्या वर्षी गोदामातल्या सगळ्या पडद्यांच्या देखभालीचं काम दुकानाच्या नावावर मिळवलं. ज्या गेटवरून बापाला हाकललं, त्याच गेटवरून ही दोन वर्षं हातात हत्यारांची पेटी घेऊन ये-जा करत होती. घारसाहेब तिला "ए मॉनिटरवाली" अशी हाक मारायचा. ही कोण, कुठली, कोणाची, हे त्या घारीच्या नजरेला दोन वर्षांत कधी दिसलं नाही.

"तिथे जाऊन करतेस काय?" मी एकदा विचारलं.

"तारा तपासते," ती म्हणाली.

मग एका मंगळवारी गोदामाचा टेम्पो आला आणि शिपायाने एक जुना, मोठ्या पोटाचा, काचेच्या नळीचा मॉनिटर गाळ्यात आणून ठेवला. कंट्रोल रूमला नवे सपाट पडदे आले होते. हा जुना आता गेटच्या केबिनमध्ये हलवला होता, आत-बाहेरची नोंद करायला. सोबत भरलेलं कार्ड होतं. तक्रार अशी होती: काचेवर डाग पडले आहेत, पुसून जात नाहीत, स्वच्छ करून देणे. कोण वापरतं? फक्त मी स्वतः, नऊ वर्षं, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. त्यावर काय चालतं? फक्त कॅमेरे. डोळ्यात तेल घालून. खाली घारसाहेबाची लांबलचक सही.

"वहिनी, खाली ये," फ्यूजने जिन्यातून हाक मारली. तिचा आवाज इतका शांत होता की मी गॅस बंद करूनच गेले.

तिने मॉनिटर चालू केला होता आणि त्यावर नुसता कोरा पांढरा रंग लावला होता. डाग तपासायची तिची ही नेहमीची पद्धत. मला आधी काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले आणि पांढऱ्यावर तपकिरी, पुसट चौकोन दिसायला लागले. वर डावीकडे दोन. उजवीकडे चार. त्याखाली एका ओळीत सात, आणि त्या सातांची लांबी खाली पुसट होत गेलेली. मी स्वतः लग्नाआधी ऑफिसात हे चित्र इतक्या दुपारी बघितलं होतं की मला एक क्षण लागला नाही.

"अगं, हा तर पत्त्यांचा डाव!"

तिने मान हलवली. मग सावकाश समजावून सांगितलं. या जुन्या पडद्यांवर एकच चित्र रोज तासन् तास, वर्षानुवर्षं राहिलं, तर ते काचेच्या आतल्या बाजूला भाजून उमटतं. आतून उमटतं, म्हणून फडक्याने जात नाही. खेळ चालू असताना डाग नेमका खेळाखालीच दडलेला असायचा, त्यामुळे साहेबाला तो कधी दिसलाच नाही. गेटच्या केबिनमध्ये नोंदीचं पांढरं पान लावलं, तेव्हा दिसला. काय आहे ते न ओळखता त्याने तो आपल्या हाताने पुसायला पाठवून दिला होता.

"आणि कॅमेरे असते तर?"

"चार चित्रांच्या मधल्या रेघा उमटल्या असत्या. बरोबर मधोमध फुली. मागच्या इमारतीतल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावर आहे. मी गेल्या वर्षी बघितली."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गोदामाच्या मालकीणबाईंकडे जाऊ या. फ्यूजने शटर अर्धं खाली ओढलं. "बाबांची शिट्टी सगळ्यांसमोर काढली होती ना? मग हेही सगळ्यांसमोर." नऊ दिवसांनी गोदामाची वार्षिक सभा होती. घारसाहेब त्यात दक्षता या विषयावर भाषण देणार होता आणि प्रोजेक्टर लावायला हिलाच बोलावलं होतं. ते नऊ दिवस ती अगदी व्यवस्थित जेवली. मी मात्र दोनदा आमटीत मीठ टाकायला विसरले.

सभेला मीही गेले. तारांचं वेटोळं सांभाळणारी मदतनीस म्हणून मला तिने आत घेतलं, आणि खरं सांगते, सासरी आल्यापासून इतक्या आनंदाने मी कुठलं ओझं उचललं नव्हतं. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती. पॅकिंगच्या बाया, ट्रकवाले, हिशेबनीस, गेटवरची नवी माणसं. पुढच्या ओळीत मालकीणबाई, साठीच्या, हातात काठी. स्टेजवर नवा कोट घालून घारसाहेब.

त्याने लॅपटॉप जोडला. पडद्यावर काही येईना. त्याने तार हलवली, रिमोटची सगळी बटणं दाबली, शेवटी चिडून प्रोजेक्टरला चापट मारली. "ए मॉनिटरवाली, काय लावून ठेवलंयस हे?"

फ्यूज उठली. मला वाटलं, तिनेच काहीतरी करून ठेवलं असणार. पण नाही. त्याने तार एका भोकात घातली होती आणि रिमोटवर दुसरंच भोक निवडलं होतं. तिने एक बटण दाबलं आणि त्याच्या भाषणाचं पहिलं पान झळकलं. मग ती माइकजवळ जाऊन म्हणाली, "रंग तपासून घेते, साहेब. एक मिनिट." तिने स्वतःचा लॅपटॉप जोडला. पांढरा पडदा. लाल. हिरवा. निळा. लोक कंटाळून आपसात बोलायला लागले. मग तिने फोटो लावला.

"हा साहेबांचा कंट्रोल रूममधला पडदा," ती म्हणाली. "डाग पुसायला त्यांनीच माझ्याकडे पाठवला. डाग आतून भाजलेला आहे, पुसता येत नाही. एवढं उमटायला रोजचे तास आणि वर्षं लागतात."

मग मागून पॅकिंगमधली एक बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, हा तर पत्त्यांचा डाव! माझा पोरगा दिवसभर हेच खेळतो." आणि हशा पिकला. घारसाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, कोणी दुसऱ्याने वापरला असेल, पाळीतली माणसं येतात-जातात. फ्यूजने याचीच वाट बघितली होती. तिने कार्डाचा फोटो लावला आणि त्याच्याच अक्षरातली उत्तरं माइकवर मोठ्याने वाचली. फक्त मी स्वतः. नऊ वर्षं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. डोळ्यात तेल घालून. या शेवटच्या शब्दांना ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिने मागच्या इमारतीतल्या पडद्याचा फोटो लावला, त्यावर मधोमध स्वच्छ फुली होती.

मालकीणबाई काठी टेकत पुढे आल्या. खरा मॉनिटर फ्यूजने आधीच फडक्याखाली झाकून स्टेजच्या टेबलावर ठेवला होता, त्यावरचं फडकं तिने ओढलं. त्यांनी काचेवर बोट घासून बघितलं, मग बोटाकडे बघितलं. "तू कोण गं?"

"तुमच्या पुढच्या गेटवर एकतीस वर्षं जो माणूस होता, त्याची मुलगी," फ्यूज म्हणाली. "त्यांनी दोनदा फोन लावला होता."

चौकशी पुन्हा उघडली. दुसऱ्याच बैठकीत घारसाहेबाने कबूल केलं. मालकीणबाईंनी बाबांच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र दिलं आणि फ्यूजला विचारलं, आणखी काय हवं? तिने दोन गोष्टी मागितल्या. घारसाहेबाचं ओळखपत्र गेटवर, पाळी सुटायच्या वेळी काढून घ्यायचं. आणि त्याने आमच्या घरी येऊन बाबांना तोंडाने सांगायचं.

पहिली गोष्ट बघायला आम्ही दोघी रस्त्यापलीकडे उभ्या होतो. मी थर्मासमध्ये चहा नेला होता. त्याच्या गळ्यातली पट्टी काढताना ती कोटाच्या कॉलरला अडकली आणि नव्या गेटमनला दोनदा ओढावी लागली. मला फार बरं वाटलं. कोणाला हे वाचून माझा राग येईल तर येऊ दे. सहा वर्षं रोज सकाळी सातला तो इस्त्रीचा शर्ट मी बघितला आहे, त्यांनी नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो घरी आला. बाबा गॅलरीत खुर्चीत होते. माझा नवरा दाराशी, फ्यूज भिंतीला टेकून, मी ओट्याजवळ. घारसाहेबाने हात जोडले. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "माझ्या घरीही पोरं आहेत हो. तुम्ही मोठ्या मनाने..."

बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "फोन वाजला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "हो."

"ऐकू आला होता?"

"डाव सुटत आला होता... म्हटलं, एवढा झाला की उचलतो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

फ्यूजच्या तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता बाबा त्याला दोन शब्द सुनावतील, किंवा रडतील. ते नुसतं "जा" म्हणाले. तो जिना उतरेपर्यंत ते दाराकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं.

आता लिहायलाच हवं. बाबा घरी बसले त्याच्या दुसऱ्या वर्षी, ओट्याशी भांडी घासताना, मी नवऱ्याला म्हणाले होते, "फोन खरंच लावला असेल का हो? वय झालंय. घाबरून नंबर चुकला असेल, किंवा लावलाच नसेल आणि आता त्यांना खरंच वाटत असेल." नळ चालू होता. गॅलरीपर्यंत आवाज जात नाही, असं मी धरून चालले होते.

"ऐकलंस ना, सूनबाई?" बाबा म्हणाले.

मी मान हलवली. ते उठले, आत गेले, आणि अकरा वाजताच त्यांनी तो इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, पण माझ्या हातचा चहा मात्र अजून घेत नाहीत. तो फ्यूज करते.